बारीक कणांचें मोल

वारली घरांतील लग्नाचा चौक ज्या भिंतीवर लिहितात ती भिंत पुष्कळ वर्षें टिकावी अशी अपेक्षा कोणीच धरीत नाहीं. कुडाची भिंत, तिला शेणामातीचा लेप, त्यावर गेरूचा हात, आणि गेरू वाळल्यावर तांदुळाच्या पिठाच्या पाण्यांत बुडविलेल्या काडीनें सवाशिणींनीं ओढलेल्या पांढऱ्या रेषा. मध्यें पालघट देवी, सभोंवतीं नक्षीची चौकट. तिकडचीं माणसें 'चौक काढला' असें न म्हणतां 'चौक लिहिला' असें म्हणतात, हें आपण शहरांतल्या लिहित्या-वाचत्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. धवलेरी गाणीं म्हणते, लग्न लागतें, वऱ्हाड पांगतें. पुढें केव्हांतरी भिंत पुन्हां सारवली जाते आणि लिहिलेलें पुसलें जातें. डहाणूकडील जिव्या सोमा मशे यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत ही कला कागदावर व कापडावर आणली आणि ती जगभर गेली. परंतु भिंतीवरचा चौक भिंतीबरोबरच जावयाचा. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत अशा किती भिंती लिहिल्या गेल्या व किती सारवल्या गेल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. मागें राहिलींच असतील तर त्यांचीं छायाचित्रें राहिलीं.

या छायाचित्रांच्या एका अगदीं आडबाजूच्या अंगाविषयीं आज मी बोलणार आहें. कृष्णधवल फिल्मवर चित्र घेतल्यानंतर ती ज्या द्रवांत धुवावयाची तो डेव्हलपर कोणता निवडावा, आणि चित्राचे कण बारीक राहावेत म्हणून त्याच्यासाठीं काय किंमत मोजावी? प्रश्न वरवर रसायनशाळेचा वाटतो. पण त्याच्या मागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा, जव्हारहून मोखाड्यावरून घाट चढून जो रस्ता त्र्यंबकेश्वरास जातो, त्या रस्त्याच्या टोकाशीं बांधलेला आहे. खिशांतल्या टेलिफोनवर चित्र घेण्याच्या या दिवसांत फिल्मचा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर इतकेंच कीं, नीट धुतलेली निगेटिव्ह शंभर वर्षांनंतरहि खिडकीसमोर धरली म्हणजे दिसते. तिला दुसऱ्या कोणत्याहि यंत्राची परवानगी लागत नाहीं.

प्रथम थोडा हिशेब करूं. सहा फूट उंचीची भिंत पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटींत, आडव्या कॅमेऱ्यानें घेतली तर ती सुमारें पंचाहत्तर पट लहान होते. काडीनें ओढलेली तीन मिलिमीटर जाडीची रेषा फिल्मवर उतरते ती मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढी. पुढें त्याच निगेटिव्हवरून ८ × १२ इंचांचें चित्र करावयाचें म्हणजे तिला साडेआठ पट फुगवावयाचें. आतां फिल्मवर चांदी कशी असते तें पाहा. जिलेटिनच्या थरांत सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. ज्यांना प्रकाश लागला असेल त्यांची डेव्हलपर काळी चांदी करतो. ही चांदी मोहरीच्या दाण्यासारखी गोल व गुळगुळीत नसते. लोकरीच्या गुंत्यासारखी तंतुमय असते, आणि खालचे-वरचे गुंते एकमेकांवर पडून त्यांचे पुंजके दिसूं लागतात. विस्तारलेल्या चित्रांत ज्याला आपण कण म्हणतों तो बहुधा एकटा कण नसून असा पुंजका असतो. पिठाची रेषा बारीक आणि पुंजका जाड झाला कीं रेषेची कड विसविशीत होते. काडी कोठें टेकली व कोठें उचलली हें मग वाचतां येत नाहीं. चौक लिहिलेला असेल तर तो वाचतां आला पाहिजे.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाहीं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं कलोडियनची ओली कांच प्रसिद्ध केली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. त्या मंडळींच्या कांचा मोठ्या असत. जेवढी कांच तेवढेंच चित्र. कांच कागदावर ठेवून उन्हांत छापावयाची. विस्तार करावयाचा नसल्यामुळें कण फुगण्याची भीति नव्हती, आणि कलोडियनचा कण मुळांतच अत्यंत बारीक होता. त्यांची अडचण निराळी होती : कांच ओली आहे तोंवरच तिला द्रवाचा लेप देणें, चित्र घेणें व धुणें हें सर्व उरकावें लागे, म्हणून काळोखाचा तंबू, बाटल्या व पाणी यांचें ओझें बरोबर वाहावें लागे. अशा सामानानिशीं जव्हारच्या घाटांत शिरणें ही कांहीं सहल नव्हती.

डॉ. मॅडॉक्स यानें १८७१ सालीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेचा मार्ग दाखविला आणि तंबू सुटला. त्यानंतर वीस वर्षांत डेव्हलपरच्या कपाटांतील बहुतेक मुख्य बाटल्या भरून गेल्या. अ‍ॅब्नी यानें १८८० सालीं हायड्रोक्विनोनचा उपयोग दाखविला. १८९१ सालीं मेटॉल आलें, आणि त्याच वर्षीं आंद्रेसेन याचें रोडिनल जर्मनीत नोंदविलें गेलें. या तिघांपैकीं एकहि अजून निवृत्त झालेलें नाहीं. औषधांच्या दुकानांत इतक्या जुन्या किती गोष्टी अजून विकल्या जातात, हें एखाद्या वैद्यानें सांगावें.

कणाचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा केला तो सिनेमानें. सिनेमाच्या मूकचित्रांची एकेक चौकट १८ × २४ मिलिमीटरची, आणि ती पडद्यावर फेंकावयाची ती भिंतीएवढी करून. येथें आपला धागा त्र्यंबकेश्वरास पोहोंचतो. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म तेथें १८७० सालीं झाला. छायाचित्रण, ब्लॉक करणें, छपाई अशा अनेक धंद्यांतून गेलेला हा गृहस्थ १९१२ सालीं लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आला, आणि १९१३ च्या ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमाटोग्राफ थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. दादासाहेबांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या फिल्मला यंत्रानें छिद्रें पाडण्याचें, रसायनें मिसळण्याचें आणि ती धुण्याचें काम घरांत सरस्वतीबाई फाळके यांनीं शिकून घेतलें व केलें. शिवाय मंडळींचा स्वयंपाक होताच. सिनेमाच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख पतीला साह्य करणारी पत्नी म्हणून येतो. माझ्या मतें डेव्हलपरच्या इतिहासांत त्यांना त्यांची स्वतंत्र जागा आहे. चित्र कॅमेऱ्यांत जन्मतें खरें, पण दिसूं लागतें तें टाकींत. त्या टाकीशीं उभें राहून वेळ, उष्णता व द्रवाचा जोर सांभाळणारीं आपल्याकडील जीं पहिलीं माणसें, त्यांत त्या होत्या. त्याच वर्षीं फाळके नाशकास गेले, आणि पुढील चित्रपट त्या घाटमाथ्यावरच धुतले गेले.

फिल्म मोठी होऊन पडद्यावर पडूं लागली कीं आकाश मुंग्यांनीं भरल्यासारखें दिसे. मूळ निगेटिव्हवरून दुसरी निगेटिव्ह काढावयाची झाली तर मुंग्या दुप्पट होत. त्यावर तोडगा म्हणून १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत कोडक कंपनीच्या जॉन कॅपस्टाफ यानें सिनेमाच्या अशा दुय्यम निगेटिव्हसाठीं एक मिश्रण ठरविलें. त्याला डी-७६ हा अंक मिळाला. एक लिटर पाण्यास मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम : एवढाच सगळा पाक. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनाराच्या दुकानांतला आणि आजीबाईंच्या बटव्यांतला. पूर्वींच्या डेव्हलपरांत धुण्याच्या सोड्यासारखे जोरकस क्षार असत व चांदी भराभर वाढे. टाकणखार मवाळ, म्हणून काम सावकाश होतें. खरें रहस्य मात्र त्या शंभर ग्रॅम सल्फाइटमध्यें आहे. सल्फाइट एरवीं द्रव खराब होऊं नये म्हणून थोडेंसें घालीत. इतकें मोठें प्रमाण पडलें कीं तें स्फटिकांच्या कडा किंचित् विरघळवितें, आणि पुंजके धरण्याची प्रवृत्ति कमी होते. कोडकनें हें सूत्र उघडपणें प्रसिद्ध केलें. इल्फर्ड कंपनीनें तेंच आय-डी-११ या नांवानें विकलें. गांवोगांवच्या स्टुडिओवाल्यांना तागडी आणि चार पुड्या यांवर काम भागूं लागलें.

या सुमारास दुसरी एक घटना घडली. लाइट्झ कंपनीचा कारागीर ऑस्कर बार्नाक यानें सिनेमाचीच फिल्म आडवी फिरवून, दोन चौकटींची एक करून, हातांत मावणारा कॅमेरा बनविला. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत 'लाइका' विक्रीस आला. म्हणजे ज्या फिल्मवर सरस्वतीबाईंनीं हात चालविला तीच पस्तीस मिलिमीटरची पट्टी आतां सामान्य हौशी माणसाच्या कॅमेऱ्यांत शिरली, आणि तिच्या मागोमाग सिनेमाचा डेव्हलपरहि शिरला. हा योग जुळून आला नसता तर लाइका हें एक खेळणेंच राहिलें असतें, असें मला वाटतें.

त्यानंतरचें दशक हें बारीक कणाच्या वेडाचें दशक होय. यूरोप-अमेरिकेंतील छायाचित्रांच्या मासिकांतून दर महिन्यास नवें सूत्र येई. पॅराफिनिलीन-डायमाइन नांवाचें द्रव्य, जें केंस काळे करण्याच्या कलपांत वापरतात, त्याच्यावर सीझ या अमेरिकन संशोधकानें अनेक मिश्रणें उभारलीं. कण खरोखरीच बारीक होत. पण फिल्मची गति निम्म्याहूनहि खालीं जाई, बोटें व टाक्या डागाळत, आणि कित्येकांच्या हातांना त्वचेचा विकार जडे. कोडकच्या डी-के-२० मध्यें थायोसायनेट घालून स्फटिक विरघळविण्याचा जोर आणखी वाढविला; पुढें बारीक कणांच्या नव्या फिल्मा आल्या तेव्हां तोच जोर त्यांच्यावर दुरंगी धुकें आणूं लागला, आणि तें मिश्रण मागें पडलें. कणाचा मोह धरणाऱ्यांस सावल्यांतला तपशील गमवावा लागे. वऱ्हांड्याच्या अंधारांत बसलेल्या माणसाचे डोळे निगेटिव्हवर उमटलेच नाहींत, तर आकाशांत मुंग्या नाहींत याचें कौतुक कोणी करावें?

या सर्व खटपटीस १९४४ सालीं हेन व क्रॅबट्री या कोडकच्याच दोघां शास्त्रज्ञांनीं सुंदर उत्तर दिलें. डी-७६ मधील हायड्रोक्विनोन तेवढ्या मवाळ द्रवांत फारसें काम करीतच नाहीं. शिवाय बाटली ठेवून दिली कीं त्याच्यामुळें द्रवाचा जोर हळूहळू वाढतो व आजची निगेटिव्ह कालच्यासारखी येत नाहीं. तेव्हां त्यांनीं तें काढून टाकलें, टाकणखारहि काढला. राहिलें मेटॉल साडेसात ग्रॅम आणि सल्फाइट शंभर ग्रॅम, एक लिटरला. हा डी-२३. त्यांतच सोडियम बायसल्फाइट १५ ग्रॅम घातलें कीं डी-२५. त्याची गति इतकी मंद कीं पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यांतहि तो सुखानें वापरतां येतो. घरीं तयार करणाऱ्यास दोन पुड्यांहून सोपें काय असणार? एकच पथ्य : मेटॉल आधीं विरघळवावें, मग सल्फाइट, उलट केल्यास मेटॉल विरघळण्याचें नांव घेत नाहीं. मेटॉलनेंहि कांहींच्या हातांस चट्टे येतात, तेव्हां रबरी हातमोजे घालावे.

पुढचा इतिहास भराभर सांगतों. मायक्रोडॉल या कोडकच्या डेव्हलपरांत कण आवरण्यासाठीं साधें मीठ, सोडियम क्लोराइड, योजिलें होतें. तो आतां बनत नाहीं, पण त्याच्याच जातीचा इल्फर्डचा पर्सेप्टॉल अजून मिळतो. इल्फर्डच्या प्रयोगशाळेंत केंडॉल यानें १९४० सालीं फेनिडोन हें द्रव्य उपयोगी ठरविलें, तें आज कित्येक द्रवांत मेटॉलच्या जागीं बसलें आहे. १९९६ सालीं कोडकचा एक्सटॉल आला. त्यांत हायड्रोक्विनोनऐवजीं लिंबांतल्या जीवनसत्त्वाचें, म्हणजे क जीवनसत्त्वाचें, एक भावंड आहे. परंतु या सर्वांहून मोठी घडामोड फिल्मच्या बाजूला झाली. १९८६ सालीं टी-मॅक्स फिल्म आली व पुढें इल्फर्डची डेल्टा. त्यांतील स्फटिक पोह्यासारखे चपटे केलेले असतात. कण बारीक करण्याचें जें काम सत्तर वर्षांपूर्वीं डेव्हलपरच्या माथीं होतें, तें बरेंचसें कारखान्यांतच उरकून येऊं लागलें. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदु' फिल्म ज्यांनीं वापरली त्यांना तिची आठवण असेल. तो कारखाना बंद पडला. आज फिल्म परदेशाहून येते व महाग पडते, म्हणून ती धुतांना प्रयोग करण्याची चैन परवडत नाहीं.

आतां जव्हारकडे वळूं. मुकणे राजांच्या या जुन्या राजधानीचें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे. संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. २०१४ च्या १ ऑगस्टपासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत आहे. पावसाळ्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. छायाचित्रकाराला या भागांत दोन प्रकारचे विषय मुख्यत्वें खुणावतात, आणि दोहोंना एकच डेव्हलपर सांगणें म्हणजे सर्दीला व मोडलेल्या हाडाला एकच काढा देणें होय.

पहिला विषय चौकाचा. भिंत हलत नाहीं. झोंपडीच्या आंत उजेड कमी असला तरी दारांतून येणारा तिरपा उजेड पुरे. कॅमेरा तिवईवर ठेवून वाटेल तितका वेळ प्रकाश घेतां येतो. येथें पन्नास किंवा शंभर गतीची मंद फिल्म घ्यावी. पर्सेप्टॉल वापरल्यास तिची गति जवळजवळ निम्मी धरावी लागते, पण भिंतीला घाई नसल्यामुळें तो तोटा येथें तोटा नव्हे. डी-२३ नेंहि काम उत्तम होतें. एक सूचना मात्र आग्रहानें करतों. आजची सर्ववर्णग्राही फिल्म गेरूच्या तांबड्याला करडा करते व पांढरी रेषा त्यावर फिकी पडते. ती उठावदार व्हावी म्हणून पुष्कळजण फिल्म अधिक वेळ धुतात, आणि अधिक धुतली कीं कण वाढतात. म्हणजे बारीक कणांचा डेव्हलपर घेऊन त्याचा फायदा आपल्याच हातानें घालवितात. त्यापेक्षां भिंगावर हिरवी कांच लावावी. हिरवी कांच तांबडा प्रकाश अडविते, गेरू गडद होतो व रेषा आपोआप उजळते. तांबड्याला आंधळ्या असलेल्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर हेंच काम कांचेशिवाय होत असे.

दुसरा विषय बोहाड्याचा. फाल्गुन-चैत्रांत गांवोगांव रात्रीमागून रात्री हा सोंगांचा उत्सव चालतो. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा तर प्रसिद्धच आहे. संबळ वाजतें, देवदेवतांचे व राक्षसांचे मोठाले मुखवटे लावलेलीं सोंगें पावलें टाकीत येतात. पूर्वीं मशालींचा उजेड असे, आतां विजेचे दिवे असतात. तरी रात्र ती रात्रच. मुखवट्याखालच्या माणसाची मान, घामानें चमकणारे खांदे, बघणाऱ्यांच्या रांगेंतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे हें सारें सावलींत असतें. येथें गति घालविणारा डेव्हलपर घेणें हा अविचार. चारशें गतीची फिल्म आणि डी-७६ किंवा त्याचा भाऊ आय-डी-११, पाणी न घालतां, नाहींतर एक्सटॉल. कण दिसतील. दिसूं द्यावेत. रात्रीच्या चित्रांत कण मला कधीं खुपले नाहींत. डोळ्यांच्या जागीं दोन कोऱ्या खोबण्या मात्र खुपतात.

आणि ज्यांना एकच बाटली ठेवावयाची आहे त्यांनीं कोणती ठेवावी? मी डी-७६ चेंच नांव घेईन, आणि दिवसाउजेडीं घेतलेल्या फिल्मसाठीं तो समभाग पाण्यांत मिसळून एकदांच वापरावा असें सांगेन. पाणी मिसळल्यानें सल्फाइट निम्में होतें. कण किंचित् ठळक होतात, पण कडा अधिक रेखीव येतात, आणि वापरलेला द्रव फेंकून देत असल्यामुळें प्रत्येक फिल्मला सारखाच ताजा जोर मिळतो. रोडिनलचा गुण वेगळा. बाटली वर्षानुवर्षें टिकते, एका भागास पन्नास भाग पाणी घालून चालतें. पण त्यांत सल्फाइट जवळजवळ उरत नसल्यानें तें कण झांकीत नाहीं. मंद फिल्मवर तें शोभतें. चारशें गतीच्या फिल्मवर मीं तरी तें वापरणार नाहीं.

पाणी मिसळण्याचें दुसरें कारण उष्णता. डेव्हलपरचीं सर्व कोष्टकें वीस अंश सेंटिग्रेड धरून केलेलीं असतात. चैत्रांत आपल्याकडे नळाचें वा विहिरीचें पाणी वीस अंश कोठून असणार? जुन्या काळीं जिलेटिन फुगून सुटूं नये म्हणून उष्ण देशांसाठीं डेव्हलपरांत सोडियम सल्फेट घालीत व क्रोम तुरटीच्या पाण्यांत फिल्म कठीण करून घेत. आजची फिल्म कारखान्यांतूनच टणक होऊन येते, तेव्हां ती भीति उरलेली नाहीं. पण वेळ आंखडतो. दर अंशाला सुमारें दहावा हिस्सा वेळ कमी होतो. इल्फर्डची १२५ गतीची एफपी-४ फिल्म समभाग आय-डी-११ मध्यें वीस अंशांवर ११ मिनिटें घेते. चोवीस अंशांवर सात-साडेसात मिनिटें पुरतात. तीस अंशांवर चार मिनिटांच्या आंत काम उरकावें लागेल. पांच मिनिटांहून कमी वेळांत द्रव सर्वत्र सारखा पोहोंचत नाहीं व आकाशावर पट्टे उमटतात. त्यावर घरगुती उपाय म्हणजे मातीचा माठ. कोरड्या उन्हाळ्यांत रात्रभर ठेवलेल्या माठांतलें पाणी परातींत ओतून तींत टाकी व बाटल्या अर्धा तास उभ्या ठेवाव्या. चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतां येतें, आणि तेवढें पुरे. पावसाळ्यांत हवा दमट असल्यानें माठ गार पडत नाहीं, पण मग हवाच फारशी तापलेली नसते. मात्र डेव्हलपर, हायपो व धुण्याचें पाणी हीं एकमेकांपासून दोनचार अंशांहून दूर असूं नयेत. अचानक गार-गरम झाल्यास जिलेटिनवर सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्यांपुढें कण बरे वाटतात.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि माझ्या मतें मोखाड्यांत हाच पहिला आहे. हायपोचा अंश राहिला तर निगेटिव्ह कालांतरानें पिंवळी पडून विटते, म्हणून फिल्म अर्धा तास वाहत्या नळाखालीं धुवावी असें पुस्तकें सांगत आलीं. मिनिटास दोन लिटर धरले तरी अर्ध्या तासांत साठ लिटर गेले, म्हणजे चार हंडे. जेथें शंभर इंच पाऊस पडतो त्याच मोखाड्यांत फाल्गुनानंतर विहिरी आटतात आणि बायका हंडे घेऊन दूरवर चालतात. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ सालीं पुरा झाला. पुढें याच तालुक्यांतील कोचाळें येथें मध्य वैतरणा धरण उभें राहिलें. दोन्ही धरणांचें पाणी मुंबईला जातें. आपण दादर-गिरगांवांत डार्करूमचा नळ उघडतों तेव्हां त्यांतून या डोंगरांचेंच पाणी येत असतें. तें अर्धा तास मोरींत सोडून द्यावें असें आतां कोणत्याहि शास्त्राचें म्हणणें नाहीं. इल्फर्ड कंपनीनेंच सांगितलेली रीत अशी : टणक न करणारा जलद हायपो वापरावा, मग टाकी पाण्यानें भरून पांच वेळां उलटसुलट करावी व पाणी ओतावें, पुन्हां भरून दहा वेळां, तिसऱ्यांदा भरून वीस वेळां. एका फिल्मच्या टाकींत तीनशें मिलिलिटर पाणी मावतें, म्हणजे सर्व मिळून एक लिटरहि होत नाहीं. शेवटीं बाटलींतल्या शुद्ध पाण्यांत साबणासारख्या द्रवाचे एकदोन थेंब टाकून तींतून फिल्म काढावी. डेव्हलपर कालवितांनाहि पाणी उकळून, गाळून, निववून घ्यावें. विहिरीच्या पाण्यांतला गाळ फिल्मवर बसला तर तो कोणत्याहि कणाहून मोठा असतो.

फिल्म धूळ नसलेल्या जागीं टांगून वाळवावी, कापून कागदी पाकिटांत घालावी, आणि पाकिटें घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीं. तिकडच्या पावसाळ्यांत जिलेटिनला बुरशी लागावयास वेळ लागत नाहीं. मार्गशीर्षांत हवा कोरडी झाली कीं डबा एकदां उघडून पाहावा. पाकिटावर फिल्मचें नांव, डेव्हलपर, अंश व मिनिटें लिहावीं; त्याखालीं गांव, पाडा, महिना; आणि ज्या सवाशिणींनीं चौक लिहिला त्यांचीं नांवें, त्यांना विचारून, त्या सांगतील तशीं.